ट्रॅक्टर घेताय? आधी ट्रॉलीचा हिशेब मांडा

घरात ट्रॅक्टर घ्यायचे ठरले की पारावर पहिला प्रश्न येतो, "किती एचपीचा?" मग कंपनी कोणती, हप्ता किती, जुना बदल्यात देणार का, अशी चौकशी होते. ट्रॉली कोणती घेणार, तिच्यात किती टन भरणार, ती कुठल्या वाटेने नेणार, हे प्रश्न ट्रॅक्टर दारात उभा राहून पेढे वाटून झाल्यावर निघतात. खरे तर सुरुवात तिथूनच करायला हवी. धाराशिव जिल्ह्यात बहुतेक घरांत एकच ट्रॅक्टर असतो आणि त्याच्याकडून दोन वेगळी कामे करून घ्यायची असतात. जूनमध्ये तो सोयाबीन पेरतो, पुढे फवारणीला आणि मळणीला उभा राहतो, उन्हाळ्यात नांगरतो, टंचाईच्या वर्षी पाण्याचा टँकरही ओढतो. दिवाळी झाली की तोच ट्रॅक्टर मागे उसाची ट्रॉली लावून कारखान्याच्या रस्त्याला लागतो. शेतातल्या कामाला चांगला असलेला ट्रॅक्टर भरली ट्रॉली घेऊन उतार उतरायलाही चांगला असेलच, असे नाही.

म्हणून पैसे मोजण्याआधी एक कागद घ्या आणि वर्षाचे बारा महिने त्यावर मांडा. कोणत्या महिन्यात कोणते काम, किती दिवस, स्वतःचे किती आणि भाड्याचे किती. पाच-सहा एकर कोरडवाहू सोयाबीन-हरभरा असेल आणि ट्रॉली फक्त शेणखत, गुळी-कडबा आणि बाजार समितीत माल नेण्यापुरती लागत असेल, तर ३५ ते ४० एचपीचा ट्रॅक्टर आणि एक मध्यम ट्रॉली पुरते. अशा घराने शेजाऱ्याचा ५० एचपी पाहून स्वतःसाठी तसाच घेतला, तर तो जास्तीचा हप्ता दरवर्षी जमिनीच्या उत्पन्नातून भरावा लागतो. पंधरा-वीस एकर, त्यात चार-पाच एकर ऊस, सहा फुटी रोटाव्हेटर, पलटी नांगर आणि हंगामात स्वतःचा व भावकीचा ऊस वाहायचा, असे असेल तर ४५ ते ५० एचपीचा वर्ग योग्य. कारखान्याशी वाहतुकीचा करार करून हंगामभर दोन ट्रॉल्या ओढायच्या असतील, तर ५० च्या पुढचा, जड आणि मजबूत मागच्या अॅक्सलचा ट्रॅक्टर लागतो. तो मग शेतीचा ट्रॅक्टर राहत नाही, वाहतुकीचा धंदा होतो आणि त्याचा हिशेब धंद्यासारखाच करावा लागतो.

जमीनही पाहा. वाशी-भूमच्या माळावरच्या मुरमाड रानात चाक धरते. मांजरा आणि तेरणेच्या काठची किंवा उमरगा-लोहाऱ्याकडची भारी काळी जमीन ओली असताना चाकाला घट्ट लिंपते आणि जागेवर फिरवते. उसाला शेवटचे पाणी देऊन फार दिवस झाले नसतील तर फडातून भरलेली ट्रॉली रस्त्यावर काढणे हेच सगळ्या फेरीतले अवघड काम असते. पुढचे वीस किलोमीटर डांबर त्यामानाने सोपे. इथे फोर व्हील ड्राइव्ह उपयोगी पडतो. पुढची चाकेही जोर लावतात आणि पुढच्या अॅक्सलचे जास्तीचे वजन नाक खाली धरून ठेवते. मुरमाड रानातल्या शेतकऱ्याने मात्र त्यासाठी जास्तीचे पैसे घालण्याआधी दोनदा विचार करावा.

ओढ कशावर ठरते

जरा आकडे मांडू. सगळा निर्णय इथेच होतो.

डांबरी सपाट रस्त्यावर भरलेली ट्रॉली ओढायला टनामागे साधारण २० ते २५ किलोची ओढ लागते. मऊ रानात तीच ओढ टनामागे १०० किलोच्या वर जाते, ओल्या काळ्या मातीत त्याहूनही जास्त. रस्त्याला चढ आला, समजा वीस फूट पुढे गेल्यावर एक फूट वर, तर टनामागे आणखी ५० किलो वाढतात. आता ४५ एचपीचा टू व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर घ्या. त्याचे वजन दोन टनांच्या आसपास. त्यातले साठ-पासष्ट टक्के मागच्या चाकांवर, म्हणजे बाराशे-तेराशे किलो. रानातल्या मातीत चाक आपल्यावरच्या वजनाच्या साधारण निम्मी ओढ देते, म्हणजे सहाशे-साडेसहाशे किलो. याचा अर्थ मऊ रानातून असा ट्रॅक्टर ट्रॉलीच्या वजनासकट सहा टनांच्या पुढे ओढू शकत नाही. इंजिन ४५ चे असो की ५५ चे, चाक जागेवर फिरणारच. म्हणूनच आपल्याकडे फडात ट्रॉली अर्धी भरून बाहेर काढतात आणि उरलेला ऊस बांधावर भरतात, नाहीतर पुढे दुसरा ट्रॅक्टर जोडतात. ही माणसे बरोबरच करतात.

डांबरावर पकड चांगली मिळते, तरी त्याच चाकांकडून नऊशे-हजार किलोच्या पुढे ओढ मिळणे कठीण. वर सांगितलेल्या चढावर दहा टनांच्या भरल्या ट्रॉलीला साडेसातशे किलो लागतात. ते निभते. ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन धरून हिशेब केला तर ताशी दहा किलोमीटरने चढायला चाकाशी ३३ एचपी लागतात. ४५ एचपीचे इंजिन, मधल्या गिअरांतली घट वजा जाता, तेवढे देते. पण दोन ट्रॉल्यांत मिळून वीस टन असतील तर दीड हजार किलोची ओढ लागते. तिथे इंजिन कमी पडण्याआधी पकड कमी पडते. ड्रायव्हर म्हणतो, "चढाला दम धरत नाही." दम इंजिनात असतो, चाकाखाली तो उतरत नाही.

म्हणून एचपीच्या शेजारी ट्रॅक्टरचे वजन विचारा. दोन ट्रॅक्टर सारख्याच एचपीचे असून त्यांच्या वजनात दोन-तीनशे किलोंचा फरक असू शकतो. मागचा टायर १३.६ × २८ आहे की १४.९ × २८, हे विचारा. मागच्या चाकांना बिडाची वजने आणि पुढच्या बंपरवर प्लेटा लावायची सोय आहे का, ते पाहा. मागच्या ट्यूबमध्ये पाणी भरून वजन वाढवता येते. बिनखर्चाचा उपाय आहे आणि चालतो. रोटाव्हेटर मारताना मात्र हे जास्तीचे वजन माती दाबते आणि डिझेल खाते, म्हणून हंगाम संपला की वजने उतरवून ठेवावीत. काढता-घालता येणारी वजने असलेला ट्रॅक्टर दोन्ही कामांना सोयीचा, तो याचसाठी.

हे आकडे कंपनीच्या माहितीपत्रकात सगळेच सापडत नाहीत. मध्य प्रदेशातील बुदनी येथे केंद्र सरकारची ट्रॅक्टर चाचणी संस्था आहे. तिच्या चाचणी अहवालात ड्रॉबारवरची प्रत्यक्ष ओढ, वजने लावून आणि न लावता, पीटीओवरची शक्ती, डिझेलचा खप आणि ब्रेकची चाचणी हे सगळे छापलेले असते. ज्या मॉडेलचा विचार आहे त्याचा अहवाल विक्रेत्याकडे मागा. इंग्रजीत असला तरी घरातल्या कॉलेजच्या पोराला तो वाचता येतो. आठ-दहा लाखांचा व्यवहार पाण्यातल्या म्हशीचे मोल केल्यासारखा करू नये.

हूक कुठे आहे

ट्रॉली जोडायची जागा हा विषय विक्रेता काढतच नाही. ट्रॅक्टरच्या मागे जाऊन खाली बसा आणि बघा. ट्रॉलीचा हूक मागच्या अॅक्सलच्या मध्यरेषेपेक्षा खाली हवा. तो जितका वर, तितकी ओढ ट्रॅक्टरला मागे उलटवते. फडातून बांधावर चढताना पुढची चाके अधांतरी होतात, "पुढून उठतो" म्हणतात ते हेच. ट्रॅक्टर मागे पलटी व्हायला एखाद-दुसरा सेकंदच लागतो आणि ड्रायव्हर सीट व स्टिअरिंगच्या मध्ये सापडतो. नांगराच्या टॉप लिंकला, किंवा गॅरेजात वर वेल्ड करून घेतलेल्या हुकाला साखळी लावून फसलेली ट्रॉली ओढणे हे तर जिवावरचे काम आहे. कोणी कितीही अनुभवी असो, करू देऊ नका.

दोनचाकी आणि चारचाकी ट्रॉलीतला फरकही इथेच कळतो. दोनचाकी ट्रॉली आपला काही भार ट्रॅक्टरच्या हुकावर टाकते. त्याने मागच्या चाकांची पकड वाढते, पण पुढचे नाक हलके होते आणि स्टिअरिंग ऐकत नाही. म्हणून तिच्या जोडीला पुढच्या प्लेटा हव्यातच. चारचाकी ट्रॉली आपला भार आपणच पेलते, हुकावर ओझे नाही, पण पकडही नाही. ती ओढायला जड ट्रॅक्टर लागतो. शेणखत, मुरूम, घरचे धान्य अशा फुटकळ कामाला हायड्रॉलिकने उचलणारी दोनचाकी ट्रॉली सोयीची. लांबच्या ऊस वाहतुकीला चारचाकी. दोनचाकी ट्रॉलीत ऊस किंवा कडबा मागच्या बाजूला जास्त भरला, तर हूक वर उचलला जातो आणि चढावर पकड सुटते. भरणाऱ्या टोळीला हे सांगायला मालकाने स्वतः उभे राहावे.

आता पिन. भरलेली दहा टनांची ट्रॉली शेवटी एका पिनेवर चालते. ती पिन पोलादी हवी, खालून क्लिप हवी. मोडका बोल्ट किंवा सळईचा तुकडा तिथे घालू नये. पिनेचे भोक गोल आहे की धक्के खाऊन लांबट, अंड्यासारखे झाले आहे, ते बोट घालून पाहा. लांबट भोकात पिन प्रत्येक ब्रेकला आणि प्रत्येक खड्ड्यात आदळते आणि एक दिवस तुटते. ट्रॉलीच्या दांड्यापासून ट्रॅक्टरच्या चासीपर्यंत एक जाड साखळी वेगळी बांधून ठेवली, तर पिन तुटली तरी ट्रॉली मागच्या मोटारसायकलवर जात नाही.

थांबणार कसा

ओढण्याची चौकशी सगळे करतात. माझ्या मते ट्रॅक्टर घ्यायचा की नाही हे त्याच्या थांबण्यावर ठरवावे.

आपला जिल्हा बालाघाटाच्या डोंगररांगेवर आणि तिच्या उतारांवर वसला आहे. तुळजापूरहून सोलापूरकडे निघाले की घाट उतरावा लागतो. कुठल्याही तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात जाताना कुठे ना कुठे लांब उतार लागतोच. आता पुन्हा आकडे. दोन टनांचा ट्रॅक्टर, मागे बिनब्रेकच्या दोन ट्रॉल्या, वीस टन. ब्रेक फक्त ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांना. त्या चाकांची डांबरावरची पकड फार तर हजार किलो, आणि तेवढ्यावर बावीस टन थांबवायचे. वीस फुटांत एक फूट उतारावर ताशी २५ किलोमीटरच्या वेगात ब्रेक दाबला, तर हा सगळा डोलारा शंभर मीटरच्या पुढे जाऊन थांबतो. तेही चाक घसरले नाही तर. ताशी दहाच्या वेगात तोच वीस मीटरच्या आसपास थांबतो. वेग निम्मा केला की थांबायचे अंतर चौथ्या हिश्श्यावर येते. पुढे शाळेतून घरी निघालेली पोरे असतील तर हा फरक केवढा, ते प्रत्येकाने आपापल्या गावच्या रस्त्यावर उभे राहून मोजावे.

म्हणून ऑइल ब्रेकचाच ट्रॅक्टर घ्या. तेलात बुडालेल्या डिस्क लवकर तापत नाहीत, चिखल-पाणी आत जात नाही आणि लांब उतारावर पकड टिकते. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक हवेत, कायद्यालाही तेच अपेक्षित आहे. ट्रॉली पुढे ढकलू लागली की दांडा आत दबून आपोआप लागणारे ब्रेक असतात, हायड्रॉलिक असतात, हवेवर चालणारे असतात. ट्रॅक्टरवर ट्रॉलीच्या ब्रेकसाठी व्हॉल्व्ह आहे का किंवा बसवता येतो का, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारा. ट्रॉली बनवणाऱ्याला ब्रेकशिवायची किंमत सांगू देऊच नका.

ब्रेकच्या दोन पेडलांची गोष्ट साधी वाटते, पण तिने माणसे गेली आहेत. शेतात वळण्यासाठी डावे-उजवे पेडल वेगळे वापरतात. दोघांना जोडणारी एक छोटी पट्टी असते. बांधावरून रस्त्यावर येताना ती पट्टी अडकवली नाही आणि घाईत एकाच पेडलावर पाय पडला, तर ट्रॅक्टर जागेवर वळतो, मागची ट्रॉली त्याला आडवा पाडते. नवा ट्रॅक्टर बघताना ती पट्टी हाताने अडकवून पाहा. ती सहज बसते का, धक्क्याने निघत तर नाही? ड्रायव्हरला ती सवय रोज लावावी लागते.

उतारावर ट्रॅक्टर न्यूट्रल करून सोडणे म्हणजे डिझेलचे दोन घोट वाचवण्यासाठी सगळे पणाला लावणे. ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरवायचा. उतार सुरू होण्याआधीच गिअर टाकायचा. मध्येच बदलायला गेले आणि गिअर बसला नाही, तर मग बसतच नाही. खरेदीच्या वेळी गिअर पाहताना याचाही विचार करा. चढा-उताराच्या रस्त्याला साजेसे, ताशी ८ ते १५ किलोमीटरच्या टप्प्यातले दोन-तीन गिअर असावेत. नुसता सगळ्यात वरचा वेग ३०-३२ आहे हे ऐकून खूश होण्यात अर्थ नाही.

इंजिन आणि गॅरेज

५० एचपीच्या सीमेवर एक महत्त्वाची गोष्ट आहे. १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागू झाले. त्यामुळे त्या वर्गातल्या नव्या ट्रॅक्टरांत संगणकाने चालणारी इंधन यंत्रणा आली. खालच्या वर्गात जुना यांत्रिक पंप चालू राहिला. नव्या यंत्रणेत ओढ चांगली मिळते, पण तिला चोख डिझेल लागते आणि बिघाड झाला तर गावातल्या मिस्त्रीला लॅपटॉपशिवाय कळत नाही. ऐन हंगामात ट्रॅक्टर दोन दिवस उभा राहणे म्हणजे तोडणीची टोळी बसून, फडातला तोडलेला ऊस वाळत, आणि कारखान्याचा नंबर गेलेला. म्हणून ५० च्या वर जायचे असेल तर ज्या कंपनीचे सर्व्हिस सेंटर तुमच्या तालुक्याच्या गावात किंवा तासाभराच्या अंतरावर आहे तीच घ्या. बाकी वर्गातही हाच नियम. स्वराज ७४४ चे तीन मोठे सिलिंडर चांगले की महिंद्रा ५७५ चे चार, यावर पारावर रात्र जाते. दोन्ही आपल्या भागात वर्षानुवर्षे चालत आलेत. तुमच्या गावात ज्याचे सामान आणि मिस्त्री हाताशी, तो तुमच्यासाठी चांगला.

काही जण विचारतात, बोलेरो किंवा स्कॉर्पिओच्या मागे छोटी ट्रॉली लावली तर रोजची गाडीही होईल आणि मालही जाईल. बंपरला वेल्ड केलेल्या हुकावर काहीही ओढू नका. बंपर ओढण्यासाठी बनवलेला नसतो. गाडीच्या पुस्तिकेत ओढण्याचे वजन दिलेले नसेल, तर ती गाडी ट्रॉलीसाठी नाही असे समजावे. भाजी, दूध, खवा यांच्या रोजच्या फेऱ्या असतील तर सरळ पिकअप घ्या. दीड टनाच्या आसपास माल ती पाठीवरच नेते, ट्रॉली लागतच नाही. नांगरणी मग भाड्याने करून घ्या. धाराशिव-कळंबच्या आठवडी बाजारावर चालणाऱ्या अनेक घरांना हेच परवडते.

जुना घेत असाल तर

ऊस वाहतुकीतून निघालेला ट्रॅक्टर ओळखता येतो. मागच्या टायरचे खूर मधोमध गुळगुळीत झालेले असतात, कारण तो डांबरावर चाललेला असतो. शेतातल्या टायरची झीज वेगळी दिसते. ड्रॉबारच्या कंसाला नवे वेल्डिंग, त्यावर ताजा रंग, हे वाईट लक्षण. मागच्या अॅक्सलच्या घरावर तेलाचे ओघळ, केसासारखी चीर, चढावर क्लच सरकणे, स्टिअरिंगला जास्तीचा खेळ, एवढे तपासा. तासांचे मीटर बदलता येते, म्हणून पेडलाची आणि सीटची झीज मीटरशी जुळते का ते पाहा. आणि रिकाम्या मैदानात फेरी मारून समाधान मानू नका. भरलेली ट्रॉली लावा, गावाजवळच्या चढावर मध्येच थांबवा, तिथून पुन्हा उचलायला लावा, मग तोच उतार त्याच गिअरात उतरवा. नव्या ट्रॅक्टरचे प्रात्यक्षिकही असेच मागा. जो विक्रेता भरल्या ट्रॉलीवर प्रात्यक्षिक द्यायला तयार नाही, त्याला टोकन देऊ नका.

कागद आणि पैसा

ट्रॅक्टरची नोंदणी वेगळी आणि ट्रॉलीची वेगळी. एमएच २५ चा नंबर दोन्हींवर हवा. ट्रॉली बनवणाऱ्याकडे त्या नमुन्याची मंजुरी आहे का, हे पैसे देण्याआधी पाहा, नाहीतर आरटीओत ती अडकते. विम्याच्या पॉलिसीत ट्रॉलीचा स्पष्ट उल्लेख करून घ्या. शेतीच्या वापरासाठी म्हणून विमा काढायचा आणि दुसऱ्याचा ऊस, विटा, मुरूम भाड्याने वाहायचा, असे केल्यास अपघातानंतर दावा अडतो आणि भरपाई मालकाच्या जमिनीवर येते. भाड्याचे काम करणार असाल तर विमा कंपनीला आधीच लेखी कळवा आणि तशी पॉलिसी घ्या, हप्ता जास्त बसला तरी. ड्रायव्हरचा परवाना चालू आहे का ते स्वतः पाहा, झेरॉक्सवर भागवू नका. नोंदणीतल्या वजनापेक्षा जास्त भरल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. एका पकडीत हंगामातल्या अनेक खेपांची कमाई जाते.

सरकारी अनुदान हवे असेल तर महाडीबीटीवर आधी अर्ज आणि पूर्वसंमती, मग खरेदी. आधी घेतलेल्या ट्रॅक्टरचे बिल चालत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के आणि त्याच्या टायर-सुट्या भागांवरचा १८ वरून ५ टक्के झाला आहे. कोटेशन वाचताना हे लक्षात असू द्या.

कर्जाचा हप्ता ठरवताना चांगले वर्ष धरू नका. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण पाहिले आहे. अशा वर्षी ऊसच नसतो, हंगाम लवकर आटोपतो, आणि वाहतुकीच्या भरवशावर घेतलेला ट्रॅक्टर दारात उभा राहतो. ढोकीचा तेरणा कारखाना अनेक हंगाम बंद होता, तेव्हा त्या भागातला ऊस लांबच्या कारखान्यांना जात होता. म्हणजे वाहतुकीचे अंतर, डिझेल, टायर, वेळ सगळे बदलले. कळंब तालुक्यात रांजणीच्या नॅचरल शुगरच्या अंगणात असलेल्या गावाचा हिशेब आणि चाळीस किलोमीटरवरच्या गावाचा हिशेब एक असू शकत नाही. भरल्या ट्रॉलीसह ५० एचपीचा ट्रॅक्टर तासाला चार ते सहा लिटर डिझेल घेतो. तो आकडा, ड्रायव्हरचा पगार, दोन-तीन वर्षांनी येणारा टायरचा खर्च आणि मुकादमाला दिलेली उचल बुडण्याची शक्यता हे सगळे मांडून मगच करारावर सही करा. वाहतुकीचे एक पैशाचेही उत्पन्न न धरता, फक्त शेतीच्या कामावर ज्याचा हप्ता निघत असेल, तो ट्रॅक्टर बिनघोर घ्यावा.

रात्रीचा रस्ता

ऊस रात्री जातो. मागून येणाऱ्याला अंधारात उसाने भरलेली ट्रॉली दिसतच नाही, कारण वाढे बाहेर लोंबून तिचे दिवे झाकतात. मागे लाल, बाजूला पिवळी रिफ्लेक्टर पट्टी, चालू दिवे, आणि दोन ट्रॉल्या असतील तर दोघींनाही. पट्टीवर माती बसली की ती चमकत नाही, म्हणून प्रत्येक खेपेला कापडाने पुसायची. पंक्चर झाले तर ट्रॉली रस्त्यावर उभी करून वर उसाची मोळी ठेवणे पुरेसे नाही. मागे चांगली पन्नास-साठ पावले अंतरावर चमकणारा त्रिकोण ठेवा. ट्रॅक्टरवर मोठ्याने गाणी लावली की मागचा हॉर्न ऐकू येत नाही. स्पीकर काढूनच टाका.

आणि ट्रॉलीत माणसे बसवू नका. चैत्र पौर्णिमेला येरमाळ्याला, नवरात्रात तुळजापूरला, लग्नाच्या वऱ्हाडाला आपण लेकराबाळांसह ट्रॉली भरून निघतो. पिढ्यान् पिढ्या बैलगाडीने गेलो, तसेच हे वाटते. पण बैलगाडी उलटली तर माणूस खरचटतो. ट्रॉली उलटली की खाली सापडलेल्यांना उचलायला क्रेन लागते, आणि विम्याचा दावाही अडतो. देवीच्या दर्शनाला एसटीने जा, जीप भाड्याने करा.

ट्रॅक्टर घेऊन झाला असेल आणि आता हातात थोडे पैसे उरले असतील, तर म्युझिक सिस्टीम, झालरी, कुशन यांना हात लावण्याआधी ते ट्रॉलीच्या ब्रेकवर घाला. ज्यांच्याकडे आधीपासून बिनब्रेकची ट्रॉली आहे, त्यांनी पुढच्या गाळप हंगामाच्या आधी ती गॅरेजात नेऊन ब्रेक बसवून घ्यावेत.